पटकीचे विष आणि चिमूटभर मीठ

आपल्या गावाच्या शिवेवर मरीआईचे देऊळ असेल, तर आज जाता-येता त्याच्याकडे एकवार पाहा. आता तेथे कोणी फारसे फिरकत नसेल. पण तीन पिढ्यांपूर्वी ‘मरीआईचा फेरा’ असे दोन शब्द उच्चारले, की घरातल्या बाया लेकरांना पोटाशी धरीत. मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडीत, म्हणजे रोगही गावाबाहेर जावा. आषाढीच्या वारीला जाणाऱ्याला पटकीची लस टोचून घ्यावी लागे, हेही जुन्या माणसांना आठवत असेल. पटकी, वाखा, महामारी, कॉलरा — नावे अनेक, पण रोग एकच.

माझ्या आजीचा धाकटा भाऊ या रोगाने गेला. सकाळी वांती सुरू झाली आणि दिवे लागायच्या आत सगळे संपले. आजी सांगे, “पोर ‘पाणी पाणी’ करीत होतं. पण पाणी दिलं की पुन्हा जुलाब होतात, म्हणून मोठ्या माणसांनी देऊ दिलं नाही.” ही गोष्ट ती आयुष्यभर विसरली नाही. लहानपणी मला वाटे, मोठी माणसे इतकी कठोर कशी? पुढे कळले, की ती कठोर नव्हती. त्या काळी पुष्कळ जाणत्या लोकांचीही समजूत तशीच होती. ती का होती आणि कशी बदलली, याचा इतिहास आज मला तुमच्यापुढे मांडायचा आहे. मी इतिहास शिकवणारा माणूस, विज्ञानाचा पंडित नव्हे. पण या इतिहासात राजे नाहीत आणि लढायाही नाहीत. एक अतिसूक्ष्म जंतू आहे, त्याने बनवलेले एक विष आहे आणि त्या विषाचा आकार शोधून काढणारी माणसे आहेत. म्हणून हे धाडस करतो.

प्रथम जंतूची ओळख करून घेऊ. १८५४ साली इटलीतील फ्लॉरेन्स शहरात फिलिप्पो पाचीनी याने पटकीने मेलेल्या माणसांची आतडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि त्याला त्यांत वळवळणारे असंख्य जंतू दिसले. थरथरणारे, म्हणून त्याने त्यांना ‘व्हिब्रिओ’ असे नाव दिले. त्याच वर्षी लंडनमध्ये जॉन स्नो याने ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाच्या पाण्यातून रोग पसरतो, हे घरोघर फिरून दाखवून दिले. परंतु पाचीनीकडे कोणी लक्ष दिले नाही. पुढे १८८३ साली जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख आधी इजिप्तमध्ये आणि नंतर आपल्या कलकत्त्यास आला. तेथे १८८४ च्या आरंभी त्याने हा जंतू वेगळा काढून वाढवला. स्वल्पविरामासारखा वाकडा आणि मागे एक लांब शेपटी, असे त्याचे रूप. कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यातही कॉखला तो सापडला.

आता खरा प्रश्न उभा राहिला. जंतू तर सापडला, पण तो माणसाला मारतो कसा? हा जंतू रक्तात शिरत नाही. काळजात, मेंदूत, यकृतात जाऊन ठाण मांडत नाही. तो आतड्याच्या पोकळीत राहतो आणि एवढ्यानेच धडधाकट माणूस काही तासांत वाळून जातो. कॉखने तेव्हाच तर्क केला होता, की हा जंतू काहीतरी विष बाहेर टाकत असला पाहिजे. पण तर्क आणि पुरावा यांत अंतर असते, आणि हे अंतर तोडायला पंचाहत्तर वर्षे लागली.

एवढा उशीर का झाला? त्याची दोन कारणे होती. पहिले असे, की कॉखचाच सहकारी रिचर्ड फायफर याने १८९२ साली दाखवले, की या जंतूच्या शरीरातच एक विष असते आणि जंतू मेल्यावर ते मोकळे होते. हा शोध खरा होता, पण त्याने लोकांना आडवाटेला नेले. विष जंतूच्या शरीरात आहे असे मानून जो तो ते प्राण्यांच्या रक्तात किंवा कातडीखाली टोचून पाहू लागला. प्राणी मरत, परंतु त्यांना पटकी होत नसे. दुसरे कारण असे, की या रोगात आतड्याचे अस्तर सोलून निघते, असा समज पक्का बसला होता. अस्तरच फाटले, तर वरून ओतलेले पाणी फुटक्या घागरीतून जावे तसे वाहून जाणार. मग पाणी देऊन काय उपयोग? माझ्या आजीच्या घरातल्या मोठ्या माणसांनी हा सिद्धान्त ऐकला नव्हता. पण डोळ्यांना दिसत होते ते तसेच होते. पाणी दिले, की जुलाब होत.

या कोंडीतून वाट काढली ती आपल्याच देशातील माणसांनी. बंगालच्या हुगळी जिल्ह्यात १९१५ साली जन्मलेले डॉक्टर शंभुनाथ डे हे कलकत्त्यात विकृतिशास्त्राचे अध्यापक होते. त्यांनी प्रश्न सरळ केला. रोग आतड्याचा आहे, तर परीक्षाही आतड्यातच घ्या. सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधायचा, त्या बंद नळीत पटकीचे जंतू टोचायचे आणि पोट शिवून दुसऱ्या दिवशी उघडून पाहायचे. एवढाच प्रयोग. जंतू घातलेली नळी पाण्याने टम्म फुगलेली असे, आणि शेजारची जंतू न घातलेली नळी रिकामी. डे आणि त्यांचे सहकारी डी. एन. चटर्जी यांनी हे १९५३ साली प्रसिद्ध केले.

त्यानंतर डे यांनी पुढचे पाऊल टाकले. ज्या रसात जंतू वाढवले होते, तो रस त्यांनी इतक्या बारीक गाळणीतून गाळला, की त्यात एकही जंतू उरला नाही. हे नुसते गाळलेले पाणी सशाच्या आतड्यात टोचले, आणि नळी तशीच फुगली! म्हणजे माणसाला मारणारा पदार्थ जंतूच्या शरीरात अडकलेला नव्हता. जिवंत जंतू तो बाहेर सोडत होता. ‘नेचर’ या नियतकालिकात १९५९ च्या मे महिन्यात हा निबंध छापला गेला.

आणि बरं का, त्याच वर्षी आपल्या मुंबईतही याच दिशेने काम झाले होते. परळच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्ता आणि एम. के. हब्बू यांनी १९५५ साली दाखवले होते, की सशाच्या अगदी लहान पिलांना पटकीसारखाच रोग देता येतो. १९५९ साली दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांनी जंतू फोडून तयार केलेल्या, जिवंत जंतू नसलेल्या द्रवानेही पिलांना तसेच जुलाब होतात, हे सिद्ध केले. या सगळ्यांचे साहित्य कोणते? ससे, दोरा, गाळणी आणि नीट विचारलेला प्रश्न. डे यांना १९७८ साली स्टॉकहोमच्या नोबेल परिसंवादाचे सन्मानाने निमंत्रण आले. परंतु मायदेशी त्यांच्या हयातीत त्यांच्या वाट्याला मोठा मान आला नाही. १९८५ साली ते वारले.

आता विष म्हणजे नेमके काय, ते पाहू. १९६९ साली अमेरिकेत रिचर्ड फिंकेलस्टाइन आणि जोसेफ लोस्पालुटो यांनी हे विष शुद्ध स्वरूपात वेगळे काढले. ते एक प्रथिन निघाले. आपल्या डाळीत, दुधात, स्नायूंत असतात त्याच जातीचा पदार्थ. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ समजा. माळ सरळ राहत नाही. ती ठराविक पद्धतीने दुमडते, गुंडाळते आणि तिला एक आकार येतो. त्या आकारात तिचा गुण असतो. लोखंड तेच, पण विळा कापतो, अडसर अडवतो आणि किल्ली उघडते, तसेच हे.

पण इतकी लहान वस्तू पाहायची कशी? सूक्ष्मदर्शक येथे हात टेकतो. त्यासाठी शास्त्रज्ञ शुद्ध प्रथिनाचे खडीसाखरेसारखे स्फटिक करतात आणि त्यांवर क्ष-किरण सोडतात. किरण आतल्या अणूंवरून विखुरतात आणि पलीकडे ठिपक्यांची एक रांगोळी उमटते. त्या रांगोळीवरून गणिताने अणूंच्या जागा काढतात. ही विद्या विसाव्या शतकाच्या मध्यावर वयात आली. आपल्या मद्रासचे जी. एन. रामचंद्रन यांनी १९६३ साली प्रथिनाची माळ कोठे वळू शकते आणि कोठे नाही, याचा एक नकाशा दिला. आजही जगात कोणी नव्या प्रथिनाचा आकार काढला, की तो या नकाशावर ताडून पाहतात.

पटकीच्या विषाचे एक सख्खे भावंड आहे. आतड्यातल्याच दुसऱ्या एका जंतूचे विष. त्याचा आकार १९९१ साली नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे टिटिया सिक्स्मा, विम होल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला. १९९५ साली खुद्द पटकीच्या विषाचा आकार प्रसिद्ध झाला.

तो कसा आहे? सदाफुलीचे फूल डोळ्यांपुढे आणा. पाच पाकळ्या आणि मधोमध बारीक भोक. विषाचा खालचा भाग असाच, पाच सारख्या प्रथिनांचे कडे. प्रत्येकात १०३ मणी. या कड्याची रुंदी सुमारे सहा नॅनोमीटर, आणि एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. या फुलावर २४० मण्यांचे सहावे प्रथिन बसलेले असते. त्याची बारीक शेपूट देठासारखी मधल्या भोकातून खाली उतरते. पाच पाकळ्या हे विषाचे पाय आणि वर बसलेला तो मारेकरी.

आतड्याच्या पेशींच्या बाहेरच्या पृष्ठावर साखरेचे अंश असलेले काही स्निग्ध पदार्थ असतात. त्यांतील एकाला पाचही पाकळ्या एकदम चिकटतात. एक हात सुटेल, दोन सुटतील, पाच कसे सुटणार? मग पेशी हे पाहुणे आत ओढून घेते. पुढचा प्रकार ऐकून आपण थक्क व्हाल. पेशीच्या स्वतःच्या कारखान्यातून चुकून बाहेर पडलेला माल परत आत नेण्यासाठी त्यावर एक खूण असते, पत्रावरच्या पत्त्यासारखी. विषाच्या देठाच्या टोकाला अगदी तशीच खूण आहे! त्या खोट्या पत्त्यावर पेशीची टपालव्यवस्था मारेकऱ्याला थेट कारखान्यात पोहोचवते. तेथे तो पायांपासून सुटतो. पेशी त्याला बिघडलेला माल समजून बाहेरच्या अंगणात टाकते, आणि तेथे तो पुन्हा आपला आकार धारण करून कामाला लागतो.

काम एकच. पाटाला दार असते, ते गरजेपुरते उघडावे आणि बंद करावे. पेशीत क्षाराची अशी दारे उघडण्याचा हुकूम देणारे एक प्रथिन असते. विष त्या प्रथिनाला एक पाचर मारून ठेवते, म्हणजे हुकूम कायमचा चालू राहतो. दारे उघडतात, आतून क्षार आतड्यात वाहू लागतो आणि क्षाराच्या मागोमाग पाणी जाते. जोराच्या पटकीत मोठ्या माणसाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. ध्यानात घ्या, काहीही फाटलेले नाही. यंत्र शाबूत आहे, नुसते दार अडकून उघडे राहिले आहे.

विष झाले. पण ते ओतणारा जंतू आतड्याच्या भिंतीपर्यंत पोहोचतो कसा? भिंतीवर चिकट शेंबडासारखा थर असतो. त्यातून वाट काढायला जंतूची शेपटी कामाला येते. पाचीनीला जी थरथर दिसली, ती या शेपटीची करामत होती. पुष्कळ वर्षे लोक समजत, की शेपटी माशासारखी किंवा चाबकासारखी हलत असावी. १९७३ साली हॉवर्ड बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी म्हटले, नाही, ती मुळापासून फिरते. पुढच्याच वर्षी मायकेल सिल्व्हरमन आणि मेल्व्हिन सायमन यांनी दुसऱ्या एका जंतूची शेपटी काचेला चिकटवून टाकली. शेपटी धरून ठेवल्यावर काय झाले? जंतूच गरगर फिरू लागला. म्हणजे सजीव सृष्टीत खरोखरीचे चाक आहे, आख आहे आणि मोटरही आहे.

ही मोटर कशावर चालते? ओढ्याच्या पाण्यावर पाणचक्की फिरते ना, तशी ही सोडियमवर फिरते. सोडियम म्हणजे आपल्या मिठातला अर्धा भागीदार. जंतू सोडियम बाहेर टाकत राहतो, आणि तो पुन्हा आत येताना मोटरीतून येतो व चाक फिरवतो. पटकीच्या जंतूचा समुद्रातला एक भाऊबंद आहे. त्याच्या शेपटीचे फेरे १९९४ साली मोजले, तेव्हा ते सेकंदाला १७०० पर्यंत भरले. आपल्या छतावरचा पंखा मिनिटाला जितके फेरे घेतो, त्याच्या कितीतरी पट हे एका सेकंदात. २०२० साली काही जंतूंच्या या मोटरीचे अणूंपर्यंतचे चित्र मिळाले. चाकाला ढकलणाऱ्या प्रत्येक घटकात एका प्रथिनाच्या पाच प्रती दुसऱ्याच्या दोन प्रतींभोवती बसलेल्या आहेत, आणि जात्याची तळी खुंट्याभोवती फिरावी तसे ते पाच त्या दोघांभोवती फिरत असावेत, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे.

आता पुन्हा रोग्याच्या खाटेकडे वळू. १९५३ साली, म्हणजे डे यांनी आपला पहिला प्रयोग छापला त्याच वर्षी, त्याच कलकत्त्यात हेमेंद्रनाथ चटर्जी नावाच्या डॉक्टरांनी पटकीच्या १८६ रोग्यांना मीठ व ग्लुकोज घातलेले पाणी तोंडाने देऊन बरे केल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. कोणी फारसे मनावर घेतले नाही. कारण तेच, अस्तर फाटलेले असताना पाणी शोषले जाईलच कसे? पण १९६० साली यूजीन गँगारोसा आणि सहकाऱ्यांनी जिवंत रोग्यांच्या आतड्याचे कण तपासून सांगितले, की अस्तर धड आहे. त्याच वर्षी प्रागमध्ये रॉबर्ट क्रेन याने मांडले, की आतड्यात साखर आणि सोडियम एकाच दारातून जोडीने आत जातात. आणि हे जे जोडीचे दार आहे, त्याला पटकीचे विष हात लावत नाही! एक दार अडकून उघडे पडले असले, तरी दुसरे दार चालू असते. त्या दाराने मीठ आणि साखर बरोबर पाठवली, की पाणीही मागोमाग आत जाते. नुसते पाणी दिले तर ते फारसे टिकत नाही. नुसते मीठ दिले, तर तेही नाही. दोघांची जोडी हवी.

१९६८ साली ढाक्यात डेव्हिड नालिन आणि रिचर्ड कॅश यांनी ही रीत रोग्यांवर काटेकोर मोजमापाने सिद्ध केली. आणि १९७१ साली तिची अग्निपरीक्षा झाली. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित भारतात आले आणि बनगावच्या छावण्यांत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या करून पिंपांत पाणी कालवले आणि ते रोग्यांच्या नातेवाईकांच्या हाती दिले. आईने लेकराला पाजायचे, मुलाने बापाला. जेथे शंभरातले तीसच्या आसपास दगावत होते, तेथे हे प्रमाण चारच्याही खाली आले. महालनबीस २०२२ साली वारले, आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

कोणी म्हणेल, औषध आधी सापडले आणि विषाचा आकार नंतर. मग आकाराचा एवढा खटाटोप कशाला? शंका रास्त आहे. पण विष कोठे आणि काय करते, हा प्रश्न डे यांनी सशाच्या आतड्यात सोडवला नसता, तर त्या पाण्यावर विश्वास बसायला आणखी किती वर्षे लागली असती? शिवाय पाय वेगळे आणि मारेकरी वेगळा, हे कळल्याचाही उपयोग झाला. स्वीडनमध्ये यान होल्मग्रेन आणि सहकाऱ्यांनी नुसत्या पाकळ्यांचा भाग मेलेल्या जंतूंबरोबर घालून तोंडाने घ्यायची लस तयार केली. १९८५ साली बांगलादेशातील मतलब भागात तिची मोठी चाचणी झाली. मारेकऱ्यावाचून पाय निरुपद्रवी असतात, पण शरीर त्यांना ओळखायला शिकते.

शिक्षकबंधूंना एक विनंती. वर्गात ओल्या मातीच्या पाच सारख्या गोळ्यांचे कडे करा, मध्ये भोक ठेवा आणि वर सहावा गोळा देठासह बसवा. मुलांना सांगा, की एवढ्या आकारापायी गावेच्या गावे ओस पडली. आणि मग फळ्यावर हे लिहा: एक लिटर स्वच्छ पाणी, उकळून गार केलेले उत्तम, सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ. मीठ याहून जास्त नको. जुलाब लागताच हे घोटघोट पाजायचे, वांती झाली तर थोडे थांबून पुन्हा पाजायचे आणि रोग्याला दवाखान्यात न्यायचे. दवाखान्यात किंवा औषधाच्या दुकानात तयार पुडी मिळाली, तर ती अधिक चांगली. पटकी अजून जगातून गेलेली नाही. पाणी घाण झाले, की ती परत येते.

मी महाविद्यालयात शिकत असताना हे सारे प्रथम वाचले आणि सुट्टीत घरी गेल्यावर आजीला सांगितले. मला वाटले, तिला नवल वाटेल. ती निवडत असलेले तांदूळ तसेच सुपात ठेवून बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मीठ घरात होतं रे. गूळसुद्धा होता.”